लाखेखालचा आकडा

"मामा, पाच वाजता मला पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत. नियमाप्रमाणं माझ्या बाजूची दोन माणसं आणता येतात. सुईताईंना घेऊन या."

एवढं बोलून भाचीनं फोन ठेवला. आवाज कोरडा होता, आणि मामा त्यालाच घाबरले. बहीण गेली तेव्हा ही पोर सहा वर्षांची होती. तेव्हापासून मामांनी तिला वाढवलं. रडायची ती आवाज न करता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

सुईताई वरच्या मजल्यावर राहायच्या. मोडलेला काटा काढावा तशी माणसाच्या पोटातली खरी गोष्ट बाहेर काढायच्या, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. वय पन्नाशीचं, बांधा काटक, जीभ नावाला शोभेल अशी. मामांनी बत्तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं लावली होती. निवृत्तीनंतर ते ताईंचे कागद लावायचे. लावण्यात पक्के, उलगडण्यात कच्चे.

"मामा, डोळे पुसा," जिना उतरता उतरता ताई म्हणाल्या. "तिथं मला तुमचे डोळे कोरडे लागणार आहेत. माझ्याच्यानं दोनच बाजूंना बघणं होतं."

शहराच्या त्या भागात सगळेच मनोरे काचेचे. परदेशात दूत पाठवावा, तसा सरकारनं आपल्याच देशातल्या या शहरात एक दूत पाठवला होता. इथल्या कंपन्यांचा पसारा काही देशांहून मोठा, त्यांच्याशी बोलायलाही राजदूतच हवा, असं ठरलं. आणि त्या दूताचं कार्यालय कुठं? तर सगळ्यांत मोठ्या कंपनीच्या मनोऱ्यात, अकराव्या मजल्यावर, पाहुणा म्हणून. मांजराला समजवायला गेलेला उंदीर मांजराच्याच ओसरीवर उतरावा, तसं.

दारातल्या यंत्राला मामांचा चेहरा ओळखता येईना. तीन वेळा फोटो निघाला, मग छातीवर पिवळा कागद चिकटला.

"सरकारी माणसांना आणि पाहुण्यांना पिवळं," दारावरची मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली. "निळं कार्ड फक्त कंपनीच्या लोकांना."

तेवढ्यात दूतसाहेब स्वतः खाली आले. केस रुप्याचे, कपडे इस्त्रीचे, हसू त्याहून कडक इस्त्रीचं. त्यांनी मामांचा हात हातात घेतला. मऊ, ओलसर, नुकतंच काहीतरी सुवासिक चोळलेला तो हात. गोगलगायीवर बोट पडावं तसं मामांना झालं.

"फार वाईट वाटतं हो," साहेब म्हणाले. "मुलगी हुशार. पण देशापुढं भावना कशा चालतील?"

त्यांनी खिशातलं कार्ड फाटकाला दाखवलं. निळ्या रंगाचं. फाटक कुरकुर न करता उघडलं. मामांच्या पिवळ्या कागदासाठी मात्र तेच फाटक पुन्हा अडलं.

वर जाताना साहेबांनी सगळं सांगितलं. शेजारच्या देशाशी करार व्हायचा होता, आणि ती बोलणीही साहेबांकडंच होती. आपल्या दवाखान्यांतल्या रोग्यांच्या नोंदी त्या देशातल्या यंत्रांमध्ये साठवल्या जातात. त्या आपल्या देशात परत आणायच्या. मागणी होती, ताबडतोब. पण समोरच्यांनी ताणलं तर किती थांबायचं, त्याची शेवटची मर्यादा आपल्या बाजूनं आधीच ठरवली होती. ती एका कागदावर लिहून पाकिटात बंद केलेली होती.

"परवा पाकीट बंद झालं. काल सकाळी समोरच्यांनी बैठकीत पहिलंच वाक्य टाकलं, 'तीन वर्षं द्या, एक दिवस कमी नाही.' अहो, पाकिटातला नेमका आकडा! आता घासाघीस करायची ती कशावर? पाच वाजता मी तीन वर्षांवर सही करणार. दुसरा उपाय ठेवलेला नाही त्या पोरीनं."

"तीच कशावरून?" ताईंनी विचारलं.

"आकडा तिघांना माहीत. मी, आमच्या वकीलबाई आणि ती, आमची दुभाषी. परवा संध्याकाळी ती याच मनोऱ्यात नवव्या मजल्यावर, शेजारच्या देशाची माणसं उतरलीत त्या खोलीत गेली होती. कॅमेऱ्यात दिसते."

"कागद तुम्ही वाचला होता?"

"मीच सांगितला, तिनं लिहिला. पुन्हा दोनदा वाचला, घडी घातली, माझ्या डोळ्यांदेखत लाख लावली, वर सही केली. मी फार काटेकोर माणूस आहे."

ताईंनी मान डोलावली. मामांना हात धुवायचे होते. स्वच्छतागृहातल्या चकचकीत नळाखाली त्यांनी हात धरला, हलवला, उलटा केला, सुलटा केला. नळाला म्हणे हात कळतो. मामांचा खरखरीत हात काही त्याला कळला नाही. एक थेंब पडला नाही. तो ओलसर वास बोटांवर घेऊनच ते बाहेर आले.

भाचीला एका काचेच्या खोपटात बसवलं होतं. मामांना बघून उठली, पण जवळ आली नाही. बाहेरून सगळे बघत होते.

"नवव्या मजल्यावर कशाला गेली होतीस?" ताई थेट मुद्द्यावर आल्या.

"घशाच्या गोळ्या द्यायला. त्यांच्या दुभाषी बाईंचा आवाज बसला होता. घसा बसला की आमचा धंदाच बसतो, ताई. आम्ही एकमेकींना गोळ्या देतो, मग देश कुठलेही असोत."

"आणि आकडा?"

"आकड्याबद्दल मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही."

"अगं, तुरुंगात जाशील!" मामा कळवळले. "आम्ही घरचीच माणसं ना?"

"मामा, मी शपथ घेतलीय. जे दुसऱ्याला सांगायला दिलं तेवढंच सांगायचं. बाकीचं पोटात. ते पोट एकदा फुटलं की पुन्हा कोण माझ्यासमोर तोंड उघडेल?" मग एकेक शब्द तोलून म्हणाली, "एवढंच सांगते. पाकीट उघडा."

मामांना एकदम बहिणीची आठवण झाली. पोरीला मांडीवर घेऊन ती एक ओवी म्हणायची, तिची तिनंच जुळवलेली:

*दोन रानांचं पाखरू, दोन्ही रानी येणं-जाणं,*
*एका रानाचं गुपित दुज्या रानी नाही नेणं.*

गाणारी गेली. पाखरू मात्र गाणं खरं करून बसलं होतं.

कागद जिथं लिहिला ती 'मुकी खोली' मजल्याच्या टोकाला होती. आत फोन नाही, संगणक नाही; एक टेबल, पेन्सिली आणि क्रमांक छापलेल्या कागदांची वही. दाराशी एक म्हातारा रखवालदार बसायचा. त्याच्यापाशी तारेचा फोन होता आणि हातानं लिहायचं एक रजिस्टर. सबंध मनोऱ्यात अशी ही एकच नोंदवही, असं तोच कौतुकानं म्हणाला.

"परवाचं पान दाखवता?" ताई म्हणाल्या. "मामा, वाचा. तुम्हाला परक्यांची अक्षरं लागतात."

मामा वाचू लागले. "साडेअकरा, कागद क्रमांक सात लिहिला. बारा, साहेब बाहेर. एक, राजधानीचा फोन, वकीलबाईंनी घेतला. एक वीस, कागद क्रमांक सात यंत्रात फाडला. दोन, कागद क्रमांक आठ लिहिला. सव्वादोन, लाख. पावणेतीन, साहेब आत. दोन पन्नास, पाकीट कपाटात."

"वकीलबाई आणि ही पोरगी मध्ये बाहेर गेल्या?"

"नाही हो," रखवालदार म्हणाला. "कागद बंद होईस्तोवर खोली सोडायची नाही. पाणीसुद्धा मी आत दिलं. साहेबांची गोष्ट वेगळी. त्यांना कोण अडवणार?"

"लाखेची वेळ इतकी पक्की कशी आठवते?"

तो हसला. दात चारच, पण हसू भरघोस. "बाई, मेणबत्ती पेटवायची म्हणजे इथं लग्नाहून मोठा सोहळा! छतातला धुराचा भोंगा आधी बंद करवावा लागतो. खालच्या अग्निशमनवाल्याला फोन केला. त्यानं सव्वादोन ते अडीच एवढाच वेळ दिला. पंधरा मिनिटांत लाख लावा नाहीतर सगळा मनोरा रिकामा करा म्हणाला. एवढी यंत्रं यांच्याकडं आणि एका मेणबत्तीला घाबरतात!"

मामाही हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पाकीट बघायला मागितलं.

पाकीट कपाटात होतं. कपाटाची चावी वकीलबाईंकडं. साठीच्या जवळ आलेल्या, थकलेल्या, पदराला शाईचा डाग. त्यांनी पाकीट हातात न देता फक्त समोर धरलं. तीन सह्या, मध्ये लाखेचा तांबडा ठिपका. दोन सह्या लाखेखाली अर्ध्या बुडालेल्या. साहेबांची सही मात्र ऐसपैस. तिची शेपटी कागदावरून चढून लाखेवरून फिरली होती.

"सही देखणी आहे," ताई म्हणाल्या. मामांना त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही.

"मी कालच्या बैठकीत नव्हते," वकीलबाई म्हणाल्या. "मसुदा तपासत होते. आपला आकडा फुटला, एवढंच साहेबांनी सांगितलं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"समोरच्यांनी तीन वर्षं मागितली," ताई सहज म्हणाल्या.

पाकीट कपाटात परत ठेवून वकीलबाईंनी उचललेला पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरात टेकला. त्यांची नजर कपाटाकडं गेली.

"बाई, मीही शपथेनं बांधलेली आहे," त्या म्हणाल्या. "पण नियम सांगू शकते. हे पाकीट सही करणाऱ्या तिघांसमोरच उघडता येतं. आणि तिसरीला बाहेर बसवून ठेवलंय."

चौदाव्या मजल्यावर कंपनीचे परराष्ट्र संबंध बघणारे गृहस्थ होते. कंपनीला परराष्ट्र संबंध असतात, हे मामांना त्या दिवशी कळलं. सगळा मजला त्यांना 'यजमान' म्हणायचा. खोलीत ताज्या फुलांचा वास होता, आणि फुलं प्लास्टिकची होती.

"आम्ही बापडे फक्त जागा देतो," यजमान म्हणाले. "वाटाघाटी सरकारांच्या."

"समोरच्या देशातली ती यंत्रं कोण चालवतं?"

"आमचीच एक शाखा. पण म्हणून काय झालं? आपल्या लोकांची रक्त-लघवी कुठल्या देशात साठली, यानं कुणाचा आजार वाढतो का?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "नोंदी जितकी वर्षं तिथं राहतील तितकी आमची यंत्रं त्यांवर शिकत राहतील. त्यात लोकांचंच भलं."

मामांच्या डोळ्यांपुढं सरकारी दवाखान्यातली रांग आली. त्याच रांगेत बहीण बसायची, तपासणीचा कागद छातीशी धरून, कुणाला दिसू नये म्हणून.

"दूतसाहेबांवर तर संशय नाही ना?" यजमानांनी काळजीनं विचारलं. "मी साक्ष देतो. परवा बारा वाजून पाच मिनिटांनी ते इथं जेवायला आले, ते थेट दोन चाळीसला उठले. मध्ये क्षणभर हलले नाहीत. नवव्या मजल्यावर जायचा प्रश्नच नाही!"

"वा!" ताई म्हणाल्या. "अशी भक्कम साक्ष मला क्वचित मिळते."

बाहेर येताच मामा म्हणाले, "म्हणजे साहेब सुटले. वकीलबाई आणि आपली पोर खोलीतून हलल्या नाहीत. संध्याकाळी वर-खाली गेली ती फक्त आपली पोर. ताई, हे तर उलटंच होत चाललंय!"

"मामा, टपालात चुकीच्या पत्त्यावर पडलेलं पत्र तुम्ही कशावरून ओळखायचात?"

"शिक्क्यावरून. कुठून निघालं, किती वाजता निघालं."

"मग तेच बघा. हा आकडा किती वाजता निघाला?"

मामांनी खूप विचार केला. त्यांना फक्त घड्याळ दिसलं. सव्वाचार वाजले होते.

साडेचारला सगळे मुक्या खोलीत जमले. सही होण्याआधी मला पाकीट उघडून हवंय, असं ताईंनी सांगितलं. मुलीला आत आणायला साहेब राजी होत नव्हते. वकीलबाईंनी नियम वाचून दाखवला, तसे ते नरमले.

"उघडा की! मला कसली भीती?" ते म्हणाले. "उलट बरंच आहे. आत तीन लिहिलेलं निघालं की या पोरीची वकिली संपेल."

"आधी एक करा," ताईंनी तिघांपुढं एकेक कोरी चिठ्ठी सरकवली. "पाकिटात काय आहे ते तिघांनी आपापल्या हातानं लिहा. दाखवू नका, घडी घाला. शपथ मोडत नाही, पाकीट आता उघडतंच आहे."

पेन्सिली तीनदा कुरकुरल्या. साहेबांनी सगळ्यांत आधी लिहिलं. भाचीनं लिहिताना ओठ आवळले होते.

वकीलबाईंनी लाख फोडली. कागद क्रमांक आठ. दोन भाषांत, एकाच सुबक अक्षरात. त्यांनी तो टेबलावर उताणा ठेवला.

दीड वर्ष.

ताईंनी चिठ्ठ्या उलगडल्या. वकीलबाई: दीड. भाची: दीड. साहेब: तीन.

साहेबांनी कागद ओढून घेतला.

"हा कागद बदललाय!" साहेब ओरडले.

"हो, बदललाय. परवा एक वाजता," ताई म्हणाल्या. "तुम्ही साडेअकराला तीन वर्षं सांगितलीत. तो कागद क्रमांक सात. बाराला तुम्ही जेवायला गेलात. एक वाजता राजधानीचा फोन आला..."

"आरोग्य खात्याचा," आता वकीलबाईंना बोलता येत होतं. "तीन वर्षं थांबणं त्यांना मान्य नव्हतं. दीडच्या वर नाही म्हणाले. तुम्ही आल्यावर मी सांगितलं, साहेब, बदल झालाय, त्यावरचं टिपण बघून घ्या. तुम्ही 'बघितलं, बघितलं' म्हणालात आणि सही केलीत."

"मी वाचला होता! माझ्यासमोर लाख..."

"लाख सव्वादोन ते अडीचमध्येच लागली. भोंगा तेवढाच वेळ बंद होता. आणि तुम्ही दोन चाळीसपर्यंत चौदाव्या मजल्यावर होतात. तुमच्या मित्रानं छातीठोक साक्ष दिली आहे. बाकी दोघींच्या सह्या लाखेखाली आहेत, तुमची लाखेवर. बंद पाकिटावर सही केलीत, साहेब. आत काय आहे ते न वाचता. आयुष्यभर जशा केल्यात तशीच."

मामांच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. "म्हणजे... समोरच्यांनी तीन मागितली, ती..."

"मेलेला आकडा," ताई म्हणाल्या. "या दोघींना एक वीसपासून ठाऊक होतं की तीन मेलंय. त्यानंतर कुणी विकलं असतं तर दीड विकलं असतं. त्याआधी विकायला दोघी खोलीबाहेर पडल्याच नाहीत. गोळ्या तर संध्याकाळी दिल्या. तीन आकडा घेऊन या खोलीतून बाहेर गेलेलं माणूस एकच, आणि ते थेट जेवायला गेलं. त्याच ताटावर आकडा यजमानांना मिळाला, त्यांच्याकडून खाली नवव्या मजल्यावर. तुम्हाला गळतीही हवी होती आणि गळतीची बोंबही. आकडा फुटलाच आहे म्हटलं की तीन वर्षांवर सही करायला कुणी अडवणार नव्हतं. आणि दोष द्यायला एक पोर होती, जी शपथ मोडणार नाही याची तुम्हालाच सगळ्यांत जास्त खात्री."

त्यांनी हात पुढं केला. "खिशातलं कार्ड दाखवा."

साहेबांनी खिशावर हात ठेवला. काढलं नाही.

"सरकारी माणसांना पिवळं असतं म्हणे. वकीलबाईंचं पिवळं, या मुलीचं पिवळं. तुमचं निळं आहे. नोकरी बदललीत, साहेब. फक्त देशाला कळवायचं राहिलं."

मामांना वाटलं, आता हा माणूस कोसळेल, निदान मान तरी खाली घालेल. पण साहेब खुर्चीत सैल झाले, आणि ओठांवर ते इस्त्रीचं हसू परत आलं.

"एवढं काय त्यात? पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. या शहराशी वैर करून कुठला देश चालतो? आज मी नाही तर उद्या दुसरा येईल. त्यालाही भूक लागेलच."

लाज नव्हती. शोधूनही सापडली नसती. मामांना खरी किळस आली ती त्या क्षणी. सडलेल्या फळाला निदान वास तरी येतो. या माणसाला अत्तराचा वास येत होता.

राजधानीला तारेच्या फोनवरून कळवलं गेलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. दूतसाहेबांना 'प्रकृतीच्या कारणास्तव' मोकळं करण्यात येत आहे. चौकशी यथावकाश होईल. पुढची बोलणी वकीलबाई करतील, दुभाषी म्हणून तीच मुलगी राहील. तीन वर्षांवर सही नाही.

"प्रकृतीच्या कारणास्तव!" मामा म्हणाले. "ताई, आणि आपल्या पोरीला पोलिसांत देणार होते?"

"तिला पोलीस, याला विश्रांती. मी काटा काढते, मामा. पू काढायला मोठं हत्यार लागतं, ते माझ्याकडं नाही." ताईंचा आवाज पहिल्यांदाच थकलेला वाटला.

पाच वाजायला आले. भाचीनं आपली टिपणांची वही उचलली. मुक्या खोलीबाहेर मामांपाशी येऊन क्षणभर त्यांच्या खांद्याला कपाळ टेकलं. काच होती, सगळे बघत होते. तिनं बघू दिलं.

"घरी चल, बाळ," मामा म्हणाले. "असल्या जागी तू कशाला..."

"मी गेले तर बैठकीत माझ्या जागी यांनी आणलेलं भाषांतराचं यंत्र बोलेल, मामा. आणि यंत्र कुणाचं, ते तुम्ही बघितलंत." तिनं एक गोळी तोंडात टाकली. दुसरी समोरच्या दुभाषी बाईंसाठी मुठीत ठेवली, आणि बैठकीच्या खोलीत गेली.

खाली जाताना लिफ्टच्या दाराशी यजमान भेटले. काहीच न घडल्यासारखे. "चुकलं माकलं पोटात घाला. पुढच्या वेळी जेवायलाच या," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

मामांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "आमच्याकडं हात धुवून जेवतात," ते म्हणाले. "इथं पाणी येत नाही."

फाटकाबाहेर एक माळी रबरी नळीनं झाडांना पाणी घालत होता. मामांनी न बोलता तळवे पुढं केले. माळ्यानंही न विचारता धार वळवली. मामा घासत राहिले, बोटं, मनगटं, पार कोपरापर्यंत.

"काय लागलंय हाताला, काका?" माळ्यानं शेवटी विचारलं. "काही दिसत तर नाही."

"हो ना," मामा म्हणाले. "दिसत नाही. तुम्ही धार चालू ठेवा."